खालचा आकडा

बोलग्योच्या शाळेत दाब शिकवताना
मी आधी एक आडवी रेघ ओढते.
वर बल, खाली क्षेत्रफळ.
आमच्या भाषेत अपूर्णांकाच्या वरच्या आकड्याला
'मूल' म्हणतात, खालच्याला 'आई'.
पोरं हसतात. दरवर्षी हसतात.
दू-ग्योम विचारतो, "आणि मधली रेघ?"
मी म्हणते, "फळी."

खरंच फळी.
सात फूट लांब, हातभर रुंद,
पुढचं टोक होडीसारखं वर वळलेलं.
ओहोटी लागली की आई ती चिखलावर टाकायची,
डावा गुडघा उशीवर, उजवा पाय बाहेर,
आणि रेटत निघायची
जिथे समुद्र नसतो आणि जमीनही नसते.
जानेवारीत. डोक्याला रुमाल, गालात आल्याचा तुकडा.
परतताना पुढ्यात खुब्यांची पोती,
भार दुप्पट,
तरी फळी बोटभरही रुतायची नाही.

पाऊल मात्र मांडीपर्यंत जायचं.
एकदा खात्यातले एक साहेब
नकाशा घेऊन उतरले, चामडी बुटांत.
वीस पावलं चालले. एकविसावं निघेना.
एक पाय उपसावा तर दुसरा खाली.
भरतीला पाऊण तास.
आई फळी रेटत गेली, म्हणाली,
"निजा."
"कोट खराब होईल."
"उभ्या माणसाला चिखल खातो, आडव्याला नाही.
निजा म्हणते ना, उताणे."
साहेब तेवढेच, वजनही तेवढंच.
आभाळाकडे तोंड करून ते पसरले
तसा चिखलानं एकेक पाय सोडून दिला.
बूट दोन्ही ठेवून घेतले.

आईला सूत्र ठाऊक नव्हतं, असं मी सांगायचे,
कौतुकानं, जरा वरून.
संध्याकाळी ती खुबे उघडायला बसायची.
चमच्याचं टोक बिजागरीशी टेकवून एक पीळ,
अंगातली सगळी ताकद राईएवढ्या जागेवर.
"पसरायचं कुठे अन् टोचायचं कुठे,
एवढं कळलं की झालं," म्हणायची.
सूत्राला तरी दुसरं काय कळतं?

जन्मभर खुबे वेचले,
गेल्या शरदात परसात घसरली
आणि खुबाच मोडला.
सुनचनच्या दवाखान्यात आता ती उताणी,
आडवी, पुरती पसरलेली.
नियमाप्रमाणे बुडायला नको.
पण नर्सनं पांघरूण सारून दाखवलं,
टाचेवर लाल डाग, नाण्याएवढा.

बेचाळीस किलोची बाई.
मांस होतं तोवर मांस वाटून घेत होतं;
आता गादीला टेकतात ती हाडं,
दोन टाचा, माकडहाड, खांद्यांची पाती.
भार कमी झाला.
जागा त्याहून कमी झाली.
हे गणित मी कधी फळ्यावर घातलं नव्हतं,
दोन्ही आकडे एकदम घटत जाण्याचं.

दर दोन तासांनी कूस बदला, म्हणाली नर्स.
रात्री दोनला मी बदलते, चारला बदलते.
मधल्या वेळात तिच्या टाचेखाली
माझा तळवा सरकवते, उघडा.
टाच थंड आहे,
भेगांत अजून करडी रेघ, कितीही धुतली तरी.
आई डोळे मिटूनच विचारते,
"भरती किती वाजता?"
"अवकाश आहे अजून."
"फळी आत घेतलीस?"
"घेतली."

हाताला मुंग्या येतात.
मी बोटं आणखी पसरते.